डोंबिवली स्टेशनची संख्या

जबलपूरहून मुंबईला येणारी गाडी देवळाली मागे टाकते, कसारा घाट उतरते, कल्याण ओलांडते आणि मग डोंबिवली लागते. मुंबईहून निघालेला हा लोहमार्ग १८७० साली जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला. तेव्हापासून लाखो प्रवाशांनी डोंबिवली पाहिली. एका शाळामास्तरांना मात्र त्या स्टेशनावर संख्या सुचल्या!

हे मास्तर म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शिक्षक होते. स्टेशनच्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. त्यांतली सर्वांत देखणी संख्या सतरा अंकी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि तसेच खाली उतरायचे. उलटी वाचली तरी तीच!

ही संख्या येते कुठून? कागद-पेन्सिल घ्या. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतील. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतील. गुणाकार मांडताना एकाच्या ओळी एकेक घर सरकत जातात, म्हणून मधल्या घरात सर्वांत जास्त एक जमतात. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की आपली सतरा अंकी संख्या तयार. पण दहा वेळा एक लिहिले तर मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे जातो आणि सगळी शिस्त मोडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब!

आणखी एक गंमत. सतरा अंकांची बेरीज होते ८१, आणि त्या ८१ ने ही संख्या नि:शेष भागली जाते. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते.

हा आनंद त्यांना सहजी मिळाला नाही. गणितात त्यांचे पदव्युत्तर शिक्षण नव्हते. हे तर आकड्यांचे खेळ, असे म्हणून काही गणितज्ञांनी त्यांची उपेक्षा केली. त्यांनी कितीतरी लेखन पदरमोड करून छापले. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते गेले. त्यांची ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

घरात गणिताला घाबरणारे मूल असेल तर त्याला आज एवढेच करायला सांगा: १२३४५६७९ ला, म्हणजे आठ वगळून लिहिलेल्या संख्येला, ९ ने गुण. मग १८ ने, मग २७ ने. उत्तर आधी सांगू नका. पहिला गुणाकार पुरा झाला की त्याचा चेहरा पाहा. ‘हर्षद’ या शब्दाचा अर्थ मग समजावून सांगावा लागणार नाही.