छत ज्याचे, ऊन त्याचे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तेव्हापासून सौरऊर्जा म्हणजे छतावरची पॅनेल, एवढाच अर्थ उरला आहे. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, हे चांगलेच. पण दिवे-पंखे, आंघोळीचे पाणी आणि स्वयंपाक या वेगवेगळ्या गरजा आहेत आणि प्रत्येकीचा स्वस्त मार्ग वेगळा आहे.

पाणीच तापवायचे तर उन्हाची आधी वीज करायची आणि तिच्यावर गिझर चालवायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते. सोलर हीटर त्याच उन्हातला निम्म्याहून अधिक भाग थेट पाण्यात उतरवतो. दोन किलोवॉटचा गिझर सुटला की पॅनेलही कमी लागतात. म्हणून आधी हीटर, मग पॅनेल. गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅस आहेच: २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो आणि दोन घनमीटरांत लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. शहरात शेण नाही, पण खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने केव्हाच करून दाखवले. २००६ साली तिला त्यासाठी ॲशडेन पुरस्कारही मिळाला. (घरावरच्या पवनचक्कीच्या नादी मात्र लागू नये. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती एक अष्टमांश उरते, आणि दाट वस्तीत वारा अडतोच.)

बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा वीज गेली की भर दुपारीही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे.

पण हे सारे छत असणाऱ्यांसाठी. अनुदान मिळते ते स्वतःचे घर आणि छत असलेल्यालाच. मुंब्र्यासारख्या दाटीत छत एक, बिऱ्हाडे अनेक. भाडेकरूच्या नावावर घर नाही, कित्येकदा मीटरही नाही. बिलाने ज्यांचे कंबरडे मोडते तेच बाहेर राहतात. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात, पण त्यातून जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप चालतो, भाडेकरूच्या खोलीतला पंखा नाही.

एका जागी तयार झालेली वीज अनेकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत आहे. तिला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. पालिकेच्या शाळांची आणि दवाखान्यांची छपरे दिवसभर नुसती तापत असतात. त्यांवरची वीज त्याच वॉर्डातल्या भाडेकरूंच्या बिलांत वळती करावी, अशी मागणी नगरसेवकाकडे लेखी द्यायला हवी. आणि पात्रतेसाठी विजेचे बिल पुरावे, घराचा उतारा मागू नये.