सावली उशिरा आली तर?

मुलांनो, गेल्या आठवड्यात माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं. कारण नेहमीचंच. हातात विज्ञानकथेचं पुस्तक! डी.एड.ला असताना वसतिगृहात हे वेड लागलं, ते अजून सुटलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "अगं, ते यानबिन नंतर उतरव. आधी गॅस बंद कर!"

तर आज या वेडाबद्दलच बोलू या. आणि त्यापायी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

विज्ञानकथा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रॉकेट, यंत्रमानव, परग्रहावरचे हिरवे पाहुणे. हो ना? मला मात्र सगळ्यात आवडलेला प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ साली आली. तिचा नायक कालयंत्रात बसून थेट ८,०२,७०१ या वर्षात जाऊन येतो. परततो तेव्हा त्याच्या घरी पाहुणे जेवत असतात. याचे कपडे मळलेले, पाय लंगडतोय, आणि हा गृहस्थ सांगतो काय, तर माझ्यासाठी थोडं मटण ठेवा! ते वाचलं आणि माझा त्या यंत्रावर एकदम विश्वास बसला. इतकी कडकडून भूक लागलीय, म्हणजे स्वारी खरंच कुठेतरी जाऊन आली असणार. अशक्य गोष्ट एकच. बाकी ताट, पाहुणे, भूक सगळं आपल्या घरातल्यासारखं.

हे सगळं मला ठाऊक होतं बरं का! तरी मी चुकलेच.

मार्च महिना होता. चौथीच्या मुलांना मी एक विज्ञानकथा लिहून आणायला सांगितली. सगळ्या वह्यांतून रॉकेटं उडाली. एका वहीत मात्र काहीच उडेना. ती वही होती नेहमी गैरहजर राहणाऱ्या एका मुलीची. कांदे काढणी सुरू झाली की तिची आई रोजानं जाते, आणि ही धाकट्या भावाला सांभाळायला शेतावर.

तिची गोष्ट अशी. एके दिवशी सूर्य वेळेवर उगवतो, पण सावली तासभर उशिरा येते. लिंबाच्या झाडाखाली बाळाची गोधडी टाकावी, तर तिथे ऊन! शेतातल्या बायकांची जेवणाची सुट्टीही सावलीवरच ठरलेली. फांदीची सावली एका दगडाला टेकली की भाकरी सोडायची. मुकादम बघतो घड्याळ. सावली टेकेपर्यंत सुट्टी संपून गेलेली, आणि बायका उपाशीच पुन्हा कांद्याच्या वाफ्यात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी काय करते? तो दगड चार विती मागे सरकवते, सावली येते त्या बाजूला. बायका वेळेवर जेवतात. आणि संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरही सावली तासभर एकटीच शेतात थांबते. संपली गोष्ट.

मी लाल शाईनं लिहिलं, "यात विज्ञान कुठे आहे?" आणि दहापैकी तीन गुण दिले.

त्याच सुमारास डॉ. जयंत नारळीकरांबद्दल पुन्हा वाचत होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. नारायण विनायक जगताप या नावानं! आपली आद्याक्षरंच त्यांनी उलटी केली होती. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून, म्हणजे मंगलाताईंकडून, लिहून घेतली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नाव बघून बक्षीस नको होतं त्यांना. आणि पहिलं बक्षीस त्या 'जगतापां'नाच मिळालं.

वाचता वाचता थांबले. त्या परीक्षकांना कथा कुणाची ते माहीत नव्हतं. मला मात्र वही कुणाची ते माहीत होतं.

चार विती! हा आकडा तिनं आणला कुठून? रविवारी शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी रोवली. बारा वाजता सावलीच्या टोकावर खूण केली, एक वाजता दुसरी. मधलं अंतर २७ सेंटिमीटर. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तेवढ्यात सावली इतकी सरकते. फांदी जर तीन मीटर उंच असेल, तर ८१ सेंटिमीटर. माझी वीत वीस सेंटिमीटरची. करा हिशेब! पोरीनं काठी रोवली नव्हती की मोजपट्टी धरली नव्हती. सावलीमागे गोधडी सरकवून सरकवून तिला ते माहीत झालं होतं.

वही घेऊन शेतावर गेले. बाळ झोपलं होतं. मी जरा बाजूला टेकले, तर ती हळूच म्हणाली, "बाई, हिकडं सरका. तिथं आता ऊन यील." मी सरकले. लाल शेरा तिच्यासमोर खोडला आणि तीनाचे नऊ केले. तर म्हणते कशी, "धा का न्हाई?" म्हटलं, शुद्धलेखनाचा एक कापलाय. (शिक्षक तो शिक्षकच!) तेवढ्यात मी आधी बसले होते तिथे खरंच ऊन आलं.

आता तुमची पाळी. घरातली रोजची एकच गोष्ट घ्या. नळाचं पाणी, शेजारचा कोंबडा, आजीचा चष्मा, काहीही. तिच्यात एकच बदल करा, बाकी सगळं आहे तसं राहू द्या. मग घरात कुणाकुणाची पंचाईत होते ते पाहा आणि मला लिहून पाठवा. तुम्हाला अगदीच राहवलं नाही, तर एखादं रॉकेटही चालेल. पण ते उडायच्या वेळी गॅसवर दूध कुणी ठेवलंय, तेवढं सांगा!