स्वयंपाकी बोटीवर आहे, बायांनो!

आमच्या चांद्यात बचत गटाचे हप्ते हल्ली पाच मिनिटांत गोळा होतात आणि पुढचा तासभर केरळ चालतं. आम्ही दहा जणी आलेप्पीला हाऊसबोटीवर एक रात्र राहणार आहोत. अख्खी बोट आपली. चालवायला माणूस, इंजिनापाशी माणूस, रांधायला स्वयंपाकी, सगळं भाड्यातच. नवरे नाहीत, पोरं नाहीत. त्यामुळे तयारी जोरात आहे. पण तयारी कसली, तर दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो चिवडा, लाडू, लोणचं! एकीने तर "छोटा गॅस घेऊ का गं?" असंही विचारलं. रेल्वेत गॅस चालत नाही हे एक, आणि लाकडाच्या, वर बांबू-चटयांचं छत असलेल्या बोटीत आपला गॅस पेटवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

माझं मत सरळ आहे. पुण्याहून कोकणमार्गे एर्नाकुलमला जाणाऱ्या गाडीत दशम्या जरूर खाव्यात, एक रात्र आणि वर काही तास काढायचे असतात. पण बोटीवर पाय ठेवला की डबे बंद. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे पैसे आपण मोजलेत. खोबरेल तेलातलं जेवण ज्यांना सोसत नाही, ज्या माळकरी आहेत, ज्यांचा त्या दिवशी उपास येतो, त्यांनी बुकिंग करतानाच तसं सांगावं. वीस-पंचवीस वर्षं ताटावरून तीनदा उठून दुसऱ्याला वाढणाऱ्या बाईने एकदा बसल्या जागी गरम घास खाल्ला, तर आभाळ कोसळत नाही. (आमच्यातल्या दोघी तरी त्या बोटीच्या स्वयंपाकघरात शिरून "फोडणी मी देते" म्हणणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते.)

दुसरी तयारी कुजबुजत चालते, ती गोळ्यांची. पाळी पुढे ढकलायच्या. अगं, देवदर्शनाला नाही, बोटीवर चाललोय! खोलीला बाथरूम आहे, दारं आहेत. मैत्रिणीने दिलेली गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. रक्तदाब असणाऱ्यांनी, पायाच्या शिरांचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

या बोटी मुळात भात वाहणारी पडावं. 'केट्टुवळ्ळम' म्हणजे बांधलेली होडी. खिळा न ठोकता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ती बनवायचे. रस्ते आले, ट्रक आले, भात त्यातून जायला लागला आणि होड्यांवर खोल्या चढल्या. साधारण दुपारी बाराला चढवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला उतरवतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला लागते ती सकाळपर्यंत, कारण त्या वेळी पाण्यात कोळ्यांची जाळी पडतात. हे आधी माहीत असलं म्हणजे "रात्रभर फिरवणार म्हणाले होते" अशी भांडणं होत नाहीत. खालच्या बोटींत एसीही बहुधा रात्रीपुरताच असतो, तेही विचारून घ्यावं.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. मुळशी धरण आमच्याच तालुक्यात. तरीही आमच्या दहा जणींत पोहता येणारी एकच! भावांना पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं, आम्हाला काठावर धुणं आपटायला बसवलं. आता त्याच आम्ही खोल पाण्यावर रात्र काढणार, आणि दोन किलो चिवड्याची चर्चा झाली तरी लाइफ जॅकेटची झालेली नाही.

३० सप्टेंबर २००९ ला केरळातच, थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली आणि ४५ जण गेले. प्राणी बघायला माणसं एका बाजूला गोळा झाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. ७ मे २०२३ ला तानूरला २२ जण गेले, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. लांब कशाला, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची बोट आदळली, १५ जणांचा जीव गेला. हे लिहिलं म्हणून जाऊ नये असं नाही. जावंच. पण विचारून जावं.

विचारायचं म्हटलं की आपल्याकडे "अहो, तुम्हीच बोला ना एजंटशी" होतं. इथे 'अहो' येणार नाहीत. तेव्हा आपणच फोन करायचा आणि फोटो नाही, बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागायचा. फोटोतली बोट आणि धक्क्यावरची बोट यांची भेट होईलच असं नाही. किती माणसांची परवानगी आहे? तपासणीचं प्रमाणपत्र चालू आहे का? जॅकेटं माणशी एक आहेत का, आणि ती कपाटात कुलूपबंद तर नाहीत ना? एजंट कंटाळला तर कंटाळू दे. बोटीचं नाव, नंबर, चालकाचा फोन घरी दोन माणसांकडे देऊन ठेवायचा. खोल्यांना आतून कड्या आहेत का, हेही विचारायचं. त्यात कुणावर संशय नाही. दहा बायका परमुलखात रात्र काढणार तर एवढं कळायलाच हवं.

बोटीवरची माणसंही कुणाच्या तरी घरची. आपण झोपलो की ती कुठेतरी मागच्या कोपऱ्यात अंग टाकतात, पहाटे आपल्या चहाला उठतात. "ए, इकडे ये" म्हणू नये. वयाने मोठ्याला तिकडे 'चेट्टा' म्हणतात, म्हणजे दादा. पाणी म्हणजे 'वेळ्ळम', पुरे म्हणजे 'मदी'. हा शेवटचा शब्द पाठ करा, वाढण्यात ती माणसं आपल्यासारखीच. उतरताना बक्षिसी द्यायची तर आपसात आधी ठरवून, पाकिटात घालून तिघांच्या हातात वेगवेगळी द्यावी.

कपडे? पंजाबी ड्रेस बरा. साडीच नेसायची असेल तर पदर खोचून मग जॅकेट, आणि पट्टे पुढून घट्ट. फोटो जाड येतो म्हणून ते काढायचं नाही. नऊवारीवाल्या आक्कांचा तर प्रश्नच नाही, त्यांचा कासोटा आधीच कसलेला आहे.