गाळलेल्या ओळींचा हिशेब

आमच्या घरी तांदूळ निवडण्याचे काम आईकडे असे. ताट मांडीवर घेऊन ती खडे आणि साळी भराभर बाजूला काढी. पण निवडून झाल्यावर एक गोष्ट ती न चुकता करी. काढलेल्या खड्यांची ढिगली बोटाने पसरून पुन्हा एकदा पाही. तीत चार-दोन चांगले दाणे हटकून सापडत. ‘घाईत हात चुकतोच रे,’ असे म्हणून ती ते दाणे परत ताटात टाकी.

पुढे माझीही सारी नोकरी निवडण्यातच गेली. फरक इतकाच, की ताटाच्या जागी संगणक होता आणि दाण्यांच्या जागी माणसांची नावे.

आज हे आठवण्याचे कारण म्हणजे २०२५ सालात गाजलेल्या दोन याद्या. त्या वर्षीच्या जुलैत महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केले, की ‘लाडकी बहीण’ योजनेत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे आढळले असून जूनपासून त्यांचा लाभ तूर्त थांबवला आहे. पाठोपाठ १ ऑगस्टला बिहारमधील मतदारांची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली आणि तीत आधीच्या यादीतील सुमारे ६५ लाख नावे नव्हती. एवढी नावे कोणी कारकून बोटाने ओळी मोजून काढत नाही. ठिकठिकाणची माहिती गोळा होते, संगणकात भरली जाते आणि मग तिला चाळणी लागते. ही चाळणी चालते कशी, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. कारण केव्हा ना केव्हा आपलेही नाव तिच्यावर पडणार आहे.

संगणकातल्या माहितीसाठ्यातून हवे तेवढेच काढून घेण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या संशोधकाने माहिती तक्त्यांत, म्हणजे रकाने आणि ओळींत, मांडण्याची रीत सुचवली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या रीतीवर ही भाषा बेतली. तिच्यातला ‘सिलेक्ट’ हा शब्द म्हणजे निवड आणि ‘व्हेअर’ म्हणजे अट. अटीत बसणाऱ्या ओळी पुढे येतात, बाकीच्या गळतात. दिसायला अगदी साधे प्रकरण.

गोम आहे ती रिकाम्या रकान्यात. समजा, शंभर माणसांची यादी आहे. चाळीस जणांचे गाव सातारा, पन्नास जणांचे दुसरे काही, आणि दहा जणांच्या गावाचा रकाना कोराच राहिलेला. ‘गाव सातारा असलेले द्या’ म्हटले, की संगणक चाळीस नावे देतो. आता ‘गाव सातारा नसलेले द्या’ म्हणा. आपल्या मनात साठ नावे असतात. संगणक पन्नासच देतो. कारण त्याच्या लेखी प्रश्नाची उत्तरे दोन नसून तीन आहेत : खरे, खोटे आणि अज्ञात. कोऱ्या रकान्याला तो ‘नल’ म्हणतो आणि त्याविषयीचे उत्तर ‘अज्ञात’ धरतो. अट मात्र ‘खरे’ ठरलेल्या ओळींनाच पुढे सोडते. म्हणून ती दहा माणसे पहिल्या यादीत नाहीत आणि दुसऱ्याही नाहीत. कोणी त्यांना काढलेले नसते, तरी ती नसतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. साल १९९८. मी एका बँकेच्या संगणक विभागात होतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची आठवण करणारी पत्रे आमच्याकडून जात. कुटुंब निवृत्तिवेतनाची पत्रे दुसऱ्या टेबलावरून जायची, म्हणून मी ‘प्रकार कुटुंब नसलेले’ अशी अट घातली. पलीकडच्या सहकाऱ्याने ‘प्रकार कुटुंब असलेले’ अशी घातली. दोघांचीही अट बरोबर, दोघांच्याही याद्या नीटनेटक्या. पण सतरा जणांचा प्रकाराचा रकाना भरायचा राहून गेला होता.

जानेवारीत एक निवृत्त शिक्षक खेड्यातून एसटीने आले. दाखला न आल्यामुळे त्यांचे वेतन थांबले होते. ‘दरवर्षी पत्र येतं, मग मी येतो. यंदा पत्र नाही, तेव्हा वाटलं, नियम बदलला असेल,’ ते म्हणाले. मी संगणकाकडे बोट दाखवून यादीत नाव नसल्याचे सांगितले. गुरुजींनी शांतपणे विचारले, ‘साहेब, मी तर तुमच्यासमोर उभा आहे. मग यादी चुकली की मी?’

त्या दिवशी संध्याकाळी मी प्रथमच, गाळलेल्या ओळी काढून पाहिल्या. पत्रे किती गेली आणि खातेदार किती, याचा ताळा मी आधी घातलाच नव्हता. घातला असता, तर सतराचा फरक नोव्हेंबरातच दिसला असता.

याच जातीची आणखी एक चूक आहे. ‘मृतांच्या यादीत नाहीत ते सारे द्या,’ असे ‘नॉट इन’ हे शब्द वापरून संगणकाला सांगितले आणि त्या मृतांच्या यादीत एक जरी जागा कोरी असली, तर उत्तर येते शून्य! ती कोरी जागा तुमच्याच नावाची नसेल कशावरून, अशी शंका यंत्राला प्रत्येकाबद्दल येते आणि एकही जण जिवंत ठरत नाही. पण ही चूक त्यामानाने बरी. सगळी यादीच नाहीशी झाली, की साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना कळते. हजारोंतून सतरा नावे गेली, तर कोणालाच कळत नाही. कळते ते फक्त त्या सतरा जणांना, आणि तेही पैसे थांबल्यावर.

अपात्रांना वगळूच नये, असे माझे म्हणणे नाही. सरकारी पैसा करदात्यांचा आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेला वयाची, कौटुंबिक उत्पन्नाची, एका घरातील लाभार्थींच्या संख्येची अट आहे आणि काही पुरुषांनीही त्यात अर्ज केल्याचे मंत्र्यांनीच सांगितले. खडे काढलेच पाहिजेत. थांबवलेल्या नावांची जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल आणि पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असेही तेव्हा सांगण्यात आले. ही खड्यांच्या ढिगलीत बोट फिरवण्याचीच तयारी होय. तिच्यावाचून कोणतीही छाननी पुरी होत नाही.

बिहारच्या बाबतीत हे काम न्यायालयाला करावे लागले. आधीची यादी सुमारे ७ कोटी ८९ लाखांची, नवी ७ कोटी २४ लाखांची. म्हणजे ताळा जुळत होता. मृत, स्थलांतरित, दुबार अशी ढोबळ कारणेही दिली होती. पण कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले, हे सामान्य माणसाला पाहता येत नव्हते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. बेरीज जुळणे वेगळे आणि माणूस सापडणे वेगळे, हा भेद त्या आदेशाने लोकांपुढे आणला.

संगणकाच्या शिस्तीतही याहून वेगळे काही शिकवत नाहीत. नावे वगळण्यापूर्वी ती मोजावीत. ठेवलेले, वगळलेले आणि ‘अज्ञात’ असे तीन आकडे मांडून त्यांची बेरीज मूळ संख्येशी ताडून पाहावी. कोरा रकाना हा माणसाचा दोष न मानता कार्यालयाचे अपुरे काम मानावे. प्रत्येक वगळलेल्या ओळीपुढे कारण लिहावे, ते त्या माणसाला आधी कळवावे आणि मगच पैसे किंवा मत थांबवावे. याला फार खर्च येत नाही. तीन आकडे मोजायला संगणकाला क्षणभरही पुरतो. न मोजल्याची किंमत मात्र एखादे घर महिनोन्‌महिने मोजत राहते.

गुरुजींचे वेतन पुढच्या महिन्यात थकबाकीसह सुरू झाले. बाकीच्या सोळा जणांना मी पत्रे पाठवली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणतीही यादी हातावेगळी करण्यापूर्वी मी तिच्यातून काय गळले, ते आधी पाहत असे. सहकारी चेष्टा करीत, ‘झाली का तुमची निवडानिवड?’

मी म्हणे, ‘तांदूळ झाले. खडे बघतोय.’