पाव मळावा, खिमा मळू नये

हॅम्बर्गर हा मुळात दोन प्रथिनांचा खेळ आहे, आणि तो बनसकट घरी करायला घेणाऱ्याची पंचाईत अशी की, ही दोन्ही प्रथिने त्याच्याकडून अगदी उलट वागणुकीची अपेक्षा ठेवतात. मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे पाणी घालून मळल्यावर पिठात तयार होणारे लवचीक जाळे, जितके नेटाने घडवावे तितका बन हलका होतो. मांसातील मायोसिन, म्हणजे मिठाने सुटे होऊन खिम्याचे कण एकमेकांना चिकटवणारे प्रथिन, मात्र जितके कमी चाळवावे तितकी टिक्की मऊ राहते.

अमेरिकेतही गोल बन या पदार्थाला पहिल्यापासून चिकटलेला नव्हता. कनेटिकटमधील न्यू हेवनचे 'लुईज लंच' हे जुने उपाहारगृह आजही हॅम्बर्गर भाजलेल्या ब्रेडच्या दोन कापांतच देते. खास बन रूढ करण्याचे श्रेय सहसा कॅन्सस राज्यातील विचिटा शहराच्या वॉल्टर अँडरसन यांना दिले जाते. त्यांनीच १९२१ मध्ये बिली इंग्रॅम यांच्या भागीदारीत 'व्हाइट कॅसल' सुरू केले.

हा बन आपल्या लादी पावाचा भाऊबंद असला तरी त्याचा घाट वेगळा आहे. लादी पाव मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढ्यावर भागवतो आणि खेटून भाजला जात असल्याने त्याच्या कडा मऊ राहतात. बनच्या पिठात दूध, अंडे, साखर आणि लोणी असते, कारण त्याला चरबीचा रस शोषूनही हातात टिकायचे असते. ५०० ग्रॅम मैद्यातला २५ ग्रॅम मैदा पाचपट दुधात मंद आचेवर, साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत, खळीसारखा शिजवून घेण्याची पूर्व आशियाई युक्ती येथे फार उपयोगी पडते: शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि बन दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. लोणी मात्र सुरुवातीलाच घालू नये, कारण स्निग्धांश प्रथिनांवर लेप चढवून जाळे बांधू देत नाही. आधी पीठ इतके मळावे की, चिमूटभर ताणले असता ते न फाटता पलीकडचा उजेड दिसावा, आणि मग लोणी थोडे थोडे मुरवावे. ८५ ग्रॅमचा एक गोळा ११० ग्रॅमच्या टिक्कीला पुरतो.

खिम्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराची सवयच आड येते. कबाब किंवा कटलेटसाठी खिमा मीठ-मसाला, आले-लसूण घालून चांगला मळला जातो, आणि तेथे ते योग्यच आहे. पण हॅम्बर्गरला तोच न्याय लावला तर सॉसेजसारखा रबरी घास तोंडात येतो. म्हणून खांद्याचे मांस, ज्यात पाचवा हिस्सा चरबी असते, तासभर फ्रीझरमध्ये कडक करून दळावे, हलक्या हाताने थापावे, आणि मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी फक्त वरून लावावे. टिक्की बनपेक्षा बोटभर रुंद हवी आणि मध्यभागी किंचित दाबलेली हवी, कारण उष्णतेने संयोजी ऊती आकसून ती फुगते. तवा बिडाचा आणि कडक तापलेला असला की, १९१२ मध्ये लुई-कामी मायार यांनी वर्णन केलेली, प्रथिने आणि शर्करा यांच्यातील अभिक्रिया पृष्ठभागावर तो तपकिरी, खमंग थर चढवते. खरी चव बहुतेक तिथेच असते. दळताना वरचे जंतू आत मिसळत असल्याने मध्यभाग ७१ अंशांवर जाणे आवश्यक मानले जाते. कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश लागतात.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गोवंशाचे मांस मिळत नाही, आणि कायद्याने चालणारे म्हशीचे मांस कमी चरबीचे असते. तेव्हा बकऱ्याच्या खिम्यात खाटकाकडून मागून घेतलेली चरबी मिसळणे हा अधिक सरळ मार्ग ठरतो. कोंबडीचा खिमा सोयीचा खरा, पण चव फिकी.

बन सकाळीच भाजून ठेवावेत, कारण गरम असताना कापले तर आतला भाग चिकट लागतो. टिक्क्या मात्र पंगत बसल्यावरच तव्यावर टाकाव्यात आणि त्याच तव्याच्या कडेला बनच्या कापलेल्या बाजू लोण्यात लालसर करून घ्याव्यात.