ताठलेला कणा जपा



मागे आमच्या वस्तीतला एक जुना कार्यकर्ता मोरीत पाय घसरून पडला. त्याची पाठ वीस वर्षांपासून ताठलेली. विहारात वंदनेला वाकता येत नसे, म्हणून तो भिंतीशी उभा राही. पडल्यावर मान दुखू लागली. आम्ही तेल चोळले, एकाने मान सरळ करून पाहिली. दवाखान्यात एक्स-रे काढून 'काही नाही' म्हणून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी हातांना मुंग्या आल्या, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये मानेचा मणका मोडल्याचे दिसले. शस्त्रक्रियेनंतर तो चालू लागला, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. तेल चोळणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितो.

या आजाराचे नाव अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. सकाळी कंबर आखडते. विश्रांतीने नव्हे, हालचालीने मोकळी होते. पुढे काहींचे मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा एकसंध होतो आणि आतून हाडे ठिसूळ होतात. असा कणा धक्का सोसू शकत नाही. साध्या पडण्यानेही तो मोडतो, बहुधा मानेच्या खालच्या भागात. तिथे एक्स-रेमध्ये खांदे आड येतात. शिवाय दुखणे रोजचेच, म्हणून रुग्णही अंगावर काढतो. मोडलेला भाग सरकला तर मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडू शकतात.

म्हणून ध्यानात ठेवा. असा रुग्ण पडला आणि नवे दुखणे सुरू झाले, तर हाड मोडले आहे असेच धरून चाला. त्याला उठवू-बसवू नका, १०८ वर फोन करा. मान पूर्वीपासून वाकलेली असेल तर तशीच, उशांचा आधार देऊन ठेवा. सरळ करू नका. डॉक्टरांना आजाराचे नाव सांगा आणि सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा. एरवीही मान-पाठ कडाकडा मोडून घेऊ नका. मोरीत आधाराचा दांडा लावा, रात्री दिवा ठेवा, विडी-दारू सोडा, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करा आणि हाडांची घनता तपासून घ्या.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तेल चोळण्यापूर्वी आम्हाला ते आठवले असते, तर एक हात वाचला असता.

जयभीम!