प्रश्नातच दडलेले उत्तर

रेशन, मजुरी वा रोजगार हमीची पाहणी करावयाची म्हणून कार्यकर्ता प्रश्नावली घेऊन वस्तीत जातो आणि हाती आलेल्या उत्तरांना वस्तुस्थिती मानतो. परंतु पुष्कळदा ती उत्तरे प्रश्नानेच घडविलेली असतात.

१९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी कुटुंबाचा अन्नावरील खर्च मागील ३० दिवसांचा विचारला जाई. या फेरीत ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी विचारले गेले. १९९३-९४ साली ३६ टक्के असलेले दारिद्र्य २६ टक्क्यांवर आले, असे त्यावरून नियोजन आयोगाने जाहीर केले. आठवड्याच्या उत्तराशी मेळ घालताना महिन्याचा खर्च वाढून सांगितला गेला असावा, सबब ही तुलनाच सदोष आहे, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनी घेतला. दारिद्र्य किती घटले आणि प्रश्न किती बदलला, हे वेगळे करणे दुरापास्त झाले. पोटाच्या भुकेत मात्र प्रश्न बदलल्याने फरक पडत नाही!

स्त्रियांच्या श्रमाचेही तेच. ‘काय काम करता?’ असे विचारले की दिवसभर स्वतःच्या शेतात राबणारी बाईदेखील ‘घरीच असते’ म्हणते. म्हणूनच १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात ‘शेतावरील वा कौटुंबिक व्यवसायातील विनावेतन कामासह’ असा खुलासा जोडावा लागला.

सरकारी पाहण्यांतील दोष दाखविताना आपण आपल्याही प्रश्नावल्या तपासल्या पाहिजेत. ‘सरकारच्या अन्यायी धोरणामुळे तुमचे धान्य बंद झाले ना?’ हा प्रश्न नव्हे. प्रश्नचिन्ह लावलेली घोषणा आहे. त्याऐवजी विचारावे : गेल्या महिन्यात दुकानातून किती किलो धान्य मिळाले? त्याचे किती पैसे दिले? एका प्रश्नात एकच गोष्ट असावी, भाषा वस्तीची असावी आणि बाईच्या कामाविषयी बाईलाच विचारावे. आधी दहा घरांत प्रश्नावली वापरून पाहावी, अडखळणारे प्रश्न दुरुस्त करावेत, मगच ती गावभर न्यावी.

ही काटेकोर वृत्ती म्हणजे चळवळीचा उत्साह मारणे नव्हे. आपला आकडा तहसीलदारापुढे एका उलटतपासणीत कोसळला, तर नाचक्की आपली होईल. परंतु धान्य बुडेल ते त्या वस्तीचे. श्रमिकांच्या बाजूने उभे राहणाऱ्याने प्रथम त्यांना स्वतःचे उत्तर देऊ दिले पाहिजे.